पेन्सिलीतले अकरा शब्द

माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. धारवाडच्या कोर्टात मी चाळीस वर्षं दिवाणी दावे चालवले. समोरचा माणूस बोलायला लागला की हा काय लपवतोय, एवढंच ऐकायची सवय लागली. वकिली सुटली, सवय सुटली नाही. दूधवाला आपणहून "आज दूध घट्ट आहे की साहेब" म्हणाला, तर त्या दिवशी मी दुधाचा थेंब बोटावर घेऊन बघतो. संशयाला औषध नाही म्हणतात. मला ते कधी हवंही नव्हतं.

अशा माणसाच्या हातात आमच्या वाचनमंडळानं शब्दांची वही दिली.

सुभाष रोडच्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर, एक जुनं मराठी वाचनालय आहे. दर रविवारी सकाळी दहाला तिथे आम्ही सात-आठजण जमतो. शाळेतून निवृत्त झालेले एक हेडमास्तर आमचे म्होरके. बाकीचे बँकेतले, टपालखात्यातले, घर सांभाळून कंटाळलेल्या एक-दोन बायका. आमचा उद्योग एकच, इथल्या मराठी घरांत चालणारे पण कोशात न सापडणारे शब्द गोळा करायचे. आमच्या गावात मराठी बोलताना मध्येच कन्नड येतं, कन्नड बोलताना मराठी, आणि भांडताना दोन्ही. त्यामुळे मालाला तोटा नाही. कुणी आजीचा शब्द आणतो, कुणी सोवळ्यातला, कुणी शेतावरचा.

वहीचे नियम अर्थातच मी केले. आलेला शब्द आधी पेन्सिलीनं लिहायचा. दुसऱ्या घरातल्या कुणीतरी "हा आमच्याकडेही म्हणतात" असं सांगून हात वर केला, की त्यावर शाई फिरवायची. पाडव्याच्या आधीच्या रविवारपर्यंत साक्षीदार मिळाला नाही, तर शब्द खोडरबरनं पुसून टाकायचा. शाईतला शब्द मात्र कायम. तो कुणीच खोडायचा नाही, मीही नाही. यंदा पाडव्यानंतर वही छापायला जायची होती. म्हणजे त्या रविवारी पुसलेला शब्द कायमचा गेला.

साधारण वर्षापूर्वी रायापूरहून एक बाई यायला लागल्या. साठी उलटलेली, इरकल नेसलेल्या, बसमधून उतरून चालत यायच्या आणि जिन्यात दम लागला तरी तो दाखवायच्या नाहीत. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. माहेर हुबळीच्या बाजारातलं, यजमान वारलेले, एवढीच माहिती. महिन्यातून एकदा अक्का एक शब्द आणायच्या. आणि तो शब्द असा असायचा की सगळे वही सोडून त्यांच्याकडेच बघायला लागायचे.

'नेवाण'. म्हणजे काय, तर ज्या उजेडात वस्तूचा खरा रंग दिसतो, तो उजेड.

'मेथरणं'. एखादी गोष्ट आवडलेली असूनही नाक मुरडणं.

'कुडवळ'. दुसऱ्याचं काम आटपायची वाट बघत बसलेला माणूस.

'हिंबर'. ज्याला घ्यायचं काहीच नसतं, पण बघायचं मात्र सगळं असतं, असा माणूस.

हेडमास्तर तर 'नेवाण' ऐकून डोळे मिटून बसले. मी पेन्सिलीला टोक काढत होतो. माझ्या मनात आलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

कारण बघा. बाकीच्यांचे शब्द कसे असायचे? चुलीच्या राखेचे, बाळंतिणीच्या खोलीचे, जनावरांच्या रोगांचे. ओबडधोबड, थोडे घाणेरडेही. हे शब्द मात्र धुऊन इस्त्री करून आणल्यासारखे. आणि एकालाही साक्षीदार नाही. मी वाचनालयातले सगळे जाडजूड कोश काढून बसलो, कन्नडचाही काढला. कुठेच नाही. मी विचारलं, "अक्का, हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलात?" त्या म्हणाल्या, "घरातच." मी विचारलं, "घरात कोण? आई? आत्या?" त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साक्षीदार घड्याळाकडे कधी बघतो, हे मला कुणी शिकवायला नको.

शिवाय त्यांच्याकडे एक छोटी डायरी असायची. मी जवळ गेलो की त्या ती मिटायच्या. बाई घरी बसून शब्द बनवतात, अशी माझी खात्री झाली. म्हातारपणी कौतुक हवंसं वाटतं, तिथे सात-आठजण टाळ्या वाजवतात, मग काय. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण नुसती खात्री कोर्टात चालत नाही. पुरावा लागतो. म्हणून मी सापळा लावला.

एका गुरुवारी अंघोळ करताना मी एक शब्द तयार केला, 'उंबाळी'. अर्थही ठरवला, पाहुणा निघतो म्हणून उठला की दारात उभं राहून पुढे जो अर्धा तास बोलणं चालतं, ते. रविवारी गंभीर चेहऱ्यानं मंडळात मांडला. तीन वर्षांत मी आणलेला तो पहिलाच शब्द. "आमच्या आजोळी म्हणायचे," असं बेधडक खोटं बोललो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाचा हात वर जाईना. पंखा तेवढा किरकिरत होता.

मग अक्कांनी हात वर केला. "म्हणतात की. उंबाळी."

मी लगेच शाईचं पेन काढलं आणि ठळक अक्षरात तो शब्द लिहिला, साक्षीदार म्हणून पुढे 'अक्का' असंही लिहिलं. पुरावा आधी नोंदवून घ्यावा, मग बोलावं. मग मी बोललो. तो शब्द मी परवाच कसा बनवला, आणि जो कधी अस्तित्वातच नव्हता तो यांनी कसा ऐकला, तर मग यांचे बाकीचे अकरा शब्द कसे, हे मी मुद्देसूद सांगितलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं शेवटी आवाजही चढवला.

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी डायरी पिशवीत टाकली, चष्मा डबीत ठेवला, आणि जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. फार चांगलं वाटलं.

पुढचा रविवार पुसण्याचा. अक्का आल्या नव्हत्या. मी अकराच्या अकरा शब्द पुसले, रबराचा चुरा फुंकून टाकला. तेव्हा बँकेतल्या गृहस्थांनी विचारलं, "मग उंबाळीचं काय? ते तर शाईत आहे." माझ्याच नियमानं ते मला खोडता येईना. म्हणजे वहीत खरोखर खोटा असा एकच शब्द होता, तो माझा, आणि तोच पक्क्या शाईत बसला होता. मी म्हणालो, खाली टीप देऊ. हेडमास्तर हळूच म्हणाले, "बिड्री, सोडून द्या वकीलसाहेब. पण तुम्ही त्या बाईंचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाहीत."

सोडून द्या म्हणाले ते, पण ते वाक्य मला काट्यासारखं बोचत राहिलं. एकतर्फी निकाल मला कधीच आवडला नाही. तेव्हा मी हेडमास्तरांकडून अक्कांच्या माहेरचा पत्ता काढला. हुबळीच्या बाजारात भावाचं साड्यांचं दुकान. ठरवलं, भावाला हे शब्द माहीत नसले की प्रकरण बंद. मी कोण, कशासाठी आलो, हे आधी सांगायचं नाही. साक्षीदाराला सावध करू नये.

दुकान अरुंद पण खोल, आत गादी घातलेली. अक्कांचे भाऊ स्वतः साड्या दाखवत होते आणि त्यांची बायको मागे घड्या घालत होती. मी "इरकल बघू" म्हणून बसलो. एक बघितली, दुसरी बघितली. काठ चोळला, पदर उलटा केला, रंग जाईल का विचारलं, कुठून आणता विचारलं. बघता बघता माझ्यापुढे वीसेक साड्यांचा ढीग झाला. मी भावांना बोलतं करायच्या नादात होतो. ते हसतमुखानं उत्तर देत होते. मग तसंच हसत, माझ्यावरची नजर न काढता, ते बायकोला म्हणाले, "हिंबर ग. गठ्ठा सोडू नको."

बायको मान वर न करता म्हणाली, "कुडवळसुद्धा नाही की संगतीला."

बघायचं सगळं, घ्यायचं काही नाही, आणि सोबत वाट बघत बसलेलंही कुणी नाही. माझे कान गरम झाले. एवढ्या जन्मात मला कुणी तोंडावर एवढं नेमकं ओळखलं नव्हतं, आणि ज्यांनी ओळखलं त्यांना वाटत होतं की या माणसाला काही कळत नाही. ते शब्द मी माझ्या हातानं पेन्सिलीनं लिहिले होते आणि माझ्या हातानं पुसले होते. मी समोरची पहिली साडी उचलली आणि "ही द्या" म्हणालो. भाऊ थोडे चकित झाले. साडी बांधण्याआधी त्यांनी ती घेतली, मला दुकानाच्या पायरीवर नेलं आणि म्हणाले, "इथं बघा, आत ट्यूबलाईटमध्ये रंग फसवतो." पायरीवर बाजाराचा उन्हाळी उजेड पडला होता. साडी आत जांभळी वाटली होती, ती वांगी रंगाची होती. मला नेवाण दिसलं.

तिथून घरी न जाता मी सरळ रायापूरला उतरलो.

अक्कांनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो आणि दुकानात काय झालं ते सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. 'हिंबर' आल्यावर म्हणाल्या, "बरोबर म्हणाला की तो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पणजोबांनी इचलकरंजीकडून हुबळीला येऊन दुकान घातलं, तेव्हापासूनचे ते शब्द. गिऱ्हाइकासमोर गिऱ्हाइकाबद्दल बोलायचे. घरातल्या मुलींनाही गादीवर बसायला लागल्या की शिकवायचे, आणि शपथ घालायची की दुकानाच्या पायरीखाली सांगायचे नाहीत. आता भावाची मुलं बंगळूरात, दुकान फार तर दिवाळीपर्यंत. "मग हे कुणासमोर बोलू मी? भिंतीसमोर? वाटलं, तुमच्या वहीत जातील. पण दुकानाचे म्हणून सांगितले तर आमच्या वडिलांची, अप्पांची शपथ मोडते. म्हणून म्हटलं, घरातले."

ज्या शब्दाचा जन्मच दुसऱ्या घराला कळू नये म्हणून झाला, त्याला मी दुसऱ्या घरातला साक्षीदार मागत होतो. असा मूर्ख नियम फक्त वकीलच करू शकतो.

पण एक प्रश्न उरलाच होता. राहवेना म्हणून विचारला. "मग उंबाळीला हात का वर केलात? तो शब्द तर कुठेच नव्हता."

"ठाऊक होतं," अक्का म्हणाल्या. "आमच्या दुकानात कुणी नवीन शब्द आणला, की दुसऱ्यानं तो लगेच वापरायचा. त्याच दिवशी. मगच तो शब्द होतो. पहिल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, असं अप्पा म्हणायचे. तुम्ही तीन वर्षांत पहिल्यांदा काही आणलात, आणि एकटेच बसला होता. कुणी बोलेना. मला बघवेना, अण्णा."

वकीलसाहेबांवरून त्या अण्णांवर आल्या, तेव्हा मला खरी लाज वाटली. मी माझा पुरावा म्हणून त्यांची दया नोंदवून ठेवली होती, तीही पक्क्या शाईत.

मी म्हणालो, "अक्का, ते अकरा शब्द परत सांगा. हिंबर आणि कुडवळ मी स्वतः ऐकलेत, नेवाण मी बघितलंय. बाकीच्यांचं माझ्याकडे लागलं. आज शाईनं लिहितो."

"तुम्ही पुसलेत," त्या म्हणाल्या. "मी शपथ मोडून दिले होते, आणि तुम्ही पुसलेत. आता फुकट नाही द्यायची. तुम्ही तुमच्या घरातला एक शब्द आणा. खरा. तुमच्याच घरातला, जो बाहेर कुणाला ठाऊक नाही. मग मी एक देईन. असं अकरा वेळा या."

मी उठलो. दारात जरा थांबलो, काहीतरी बोलावंसं वाटत होतं. त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

घरी आल्यावर मी बायकोच्या हातात साडी ठेवली. चाळीस वर्षांत न विचारता साडी आणलेली ही पहिलीच वेळ. तिनं आधी साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिलाच संशय आला. मी म्हटलं, "आपल्या घरात असे खास शब्द कोणते होते ग? फक्त आपल्या घरातले?"

ती म्हणाली, "तुम्ही घरात बोललात कधी? विचारायचात तेवढं."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते साडीची घडी मोडता मोडता म्हटलं. मी म्हणालो, "म्हणजे शब्दच नाहीत?"

तिनं साडीचा काठ बोटांत धरून बघितला. मग म्हणाली, "एक आहे. तुम्हाला सांगायचा नव्हता. तिरकुंडी."

शब्द ऐकल्याबरोबर मला आठवलं. आमची मुलगी लहान असताना मी कोर्टातून आलो, चप्पल काढली, की ती आतल्या खोलीकडे ओरडायची, "आई, तिरकुंडी!" मला वाटायचं मुलींचा काहीतरी खेळ आहे. कधीकधी मीही हसून विचारायचो, कोण जिंकलं आज?

"तुमचा चेहरा बघून ती ठरवायची," बायको म्हणाली. "आज चौकशी होणार असली की ओरडायची. मग मी सगळं आधी आठवून ठेवायची. कुठे गेले, कोण आलं, दूध कुठून आणलं. तुम्ही विचारलं की उत्तर तयार. अडखळले की तुमचा आवाज चढायचा ना." तिनं साडी खांद्यावर टाकून बघितली. "मुलगी अजून म्हणते. उणकलला तिच्याकडे तुम्ही फोन केलात की जावयांना सांगते, तिरकुंडी आहे, सांभाळून बोला."

दोन घरं. साक्षीदार हजर. माझ्याच नियमानं शाईचा शब्द. आणि मी, ज्याच्या नजरेतून चाळीस वर्षांत एक खोटा साक्षीदार सुटला नाही, त्याच्या नाकासमोर त्याच्याच घरात त्याच्याबद्दल बोलत होते आणि त्याला पत्ता नव्हता. आमचं घरही एक दुकानच होतं म्हणायचं, आणि त्यातलं अवघड गिऱ्हाईक मी होतो.

मला खूप वाईट वाटलं. सांगायला दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन आधी रायापूरला गेलो. अक्कांना 'तिरकुंडी' अर्थासकट सांगितला, तो कुणाबद्दल आहे तेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लिहा शाईनं." मी लिहिला. मग त्यांनी डायरी उघडली, या वेळी माझ्यासमोर, आणि 'नेवाण' दिला. पुसलेल्या जागी कागद पातळ झाला होता, शाई थोडी पसरली. त्यापुढे मी माझं नाव साक्षीदार म्हणून लिहिलं. उंबाळीखाली टीप लिहू का, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कशाला? मी आता वापरते की तो शब्द." त्या दिवशी त्यांच्या दारात आम्ही चांगला अर्धा तास उभं राहून बोललो.

अजून दहा शब्द यायचे आहेत, आणि माझ्याकडे द्यायला एकही नाही. छपाई मी पुढे ढकलायला लावली आहे. हेडमास्तर रोज विचारतात.

परवा बायको मुलीशी फोनवर बोलत होती. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. बायको म्हणाली, "अग, त्यांना कळला ना तो, आता तो शब्द संपला." पलीकडून मुलगी काहीतरी बोलली. मग बायकोनं एक नवीनच शब्द उच्चारला, मी कधी न ऐकलेला, आणि पलीकडून तिनं तो लगेच परत म्हटला असावा, कारण दोघी खूप वेळ हसत होत्या.

चांगला शब्द होता. वहीत शोभला असता. मी पेपरची घडी घातली, दारापर्यंत गेलो, आणि परत येऊन बसलो. विचारलं नाही.